आकडा पोहोचतो, वेळ हरवते : कावेरी ते कृष्णा, पाण्याच्या नोंदींची देवाणघेवाण

तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम आणि मयिलादुतुरै या दोन शहरांच्या दरम्यान वसलेले आडुतुरै हे गाव भातसंशोधनासाठी ओळखले जाते. १९२२ मध्ये येथे भात संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत तामिळनाडू भात संशोधन संस्था म्हणून कार्यरत आहे. ‘एडीटी’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे भाताचे अनेक वाण येथूनच कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पसरले. मराठी वाचकांना हा परिसर अगदीच अपरिचित नाही. तंजावरवर १८५५ पर्यंत मराठी राजघराण्याची सत्ता होती आणि आडुतुरैजवळच्या गोविंदपुरम येथे विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे.

या भागातील शेतीचे वर्ष कुरुवै हंगामाने सुरू होते. जूनमध्ये पेरणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी, असे हे साधारण ११० दिवसांचे भातपीक आहे. त्यासाठी लागणारे पाणी मेट्टूर धरणातून सोडले जाते आणि त्याची परंपरेने ठरलेली तारीख १२ जून ही आहे. २०२२ मध्ये हे धरण २४ मे रोजीच उघडण्यात आले. २०२३ मध्ये ठरलेला दिवस पाळला गेला. २०२४ मध्ये मात्र शेतकऱ्यांना २८ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली, तर २०२५ मध्ये पुन्हा १२ जूनलाच पाणी सोडण्यात आले. पाणी लांबले की पेरणी लांबते आणि उभे पीक ईशान्य मोसमी पावसाच्या तडाख्यात सापडण्याची भीती निर्माण होते.

पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हा निर्णय आकड्यांवर अवलंबून असतो आणि हे आकडे एकाच कार्यालयात तयार होत नाहीत. पावसाची नोंद हवामान विभाग ठेवतो. कृष्णराजसागर, कबिनी, हेमावती आणि हारंगी या जलाशयांची माहिती कर्नाटकाकडे असते. आंतरराज्य सीमेवरील बिलिगुंडलू येथील प्रवाह केंद्रीय जल आयोग मोजतो, तर मेट्टूरची नोंद तामिळनाडूचा जलसंपदा विभाग ठेवतो. प्रत्येकाचा माहितीसाठा, म्हणजेच डेटाबेस, वेगळा आहे. या साठ्यांमधील देवाणघेवाण आता संगणकाद्वारे काही क्षणांत होऊ शकते. तरीही वाद मिटत नाहीत. पाण्याची टंचाई आणि राजकारण ही त्याची उघड कारणे आहेत. त्यांच्या जोडीला एक कमी चर्चिले गेलेले कारणही आहे. एका साठ्यातून दुसऱ्या साठ्यात आकडा पोहोचतो, परंतु त्या आकड्याशी जोडलेला वेळेचा अर्थ पुष्कळदा मागेच राहतो.

लवादापासून प्राधिकरणापर्यंत

कावेरी पाणीतंटा लवादाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि त्याचा अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ रोजी आला. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात त्यात बदल केला. कर्नाटकाने बिलिगुंडलू येथे तामिळनाडूला सामान्य वर्षात द्यावयाचे पाणी १९२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होते. ते १७७.२५ टीएमसी करण्यात आले. या निकालाच्या अंमलबजावणीसाठी जून २०१८ मध्ये कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण आणि त्याच्या मदतीला कावेरी जल नियमन समिती स्थापन झाली. आठ प्रमुख जलाशयांची पातळी, आवक आणि साठा यांची दैनंदिन माहिती गोळा करणे हे या समितीच्या कामांपैकी एक आहे.

१७७.२५ टीएमसीची विभागणी महिन्यांनुसार करण्यात आली आहे. जूनमध्ये ९.१९, जुलैमध्ये ३१.२४, ऑगस्टमध्ये ४५.९५, सप्टेंबरमध्ये ३६.७६ आणि त्यानंतर उतरत्या क्रमाने फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत प्रत्येकी २.५ टीएमसी, असे हे वेळापत्रक आहे. म्हणजेच येथे पाण्याचा हक्क केवळ परिमाणाने ठरलेला नाही, तो काळानेही ठरलेला आहे. ऑगस्टचे पाणी ऑक्टोबरमध्ये मिळाले, तर वर्षाची बेरीज जुळेल. कुरुवैचे पीक मात्र तोवर हातचे गेलेले असेल.

ज्या हक्काचा काळ हाच एक घटक आहे, त्याचा हिशेब ठेवणाऱ्या नोंदींत काळाची व्याख्या काटेकोर असणे आवश्यक ठरते. कृष्णराजसागरातून सोडलेले पाणी बिलिगुंडलूपर्यंत येण्यास साधारण दोन-तीन दिवस लागतात. ३१ जुलै रोजी धरणातून निघालेले पाणी सीमेवर ऑगस्टमध्ये मोजले जाते. धरणाच्या नोंदीत ते जुलैचे असते आणि बिलिगुंडलूच्या नोंदीत ऑगस्टचे. शिवाय धरणांच्या खालच्या भागात पडणाऱ्या पावसाचे पाणीही वाटेत नदीला येऊन मिळते. त्यामुळे दोन्ही ठिकाणचे आकडे एकाच तारखेला शेजारी ठेवून वजाबाकी केली, तर जी तफावत दिसेल तिला तूट म्हणता येणार नाही.

आकडा क्षणाचा की दिवसाचा?

ठरावीक काळाने घेतलेल्या आणि वेळेच्या क्रमाने मांडलेल्या नोंदींना कालमालिका म्हणतात. अशा मालिकेतील आकडा वरवर साधा दिसतो. ‘५ ऑगस्ट, ६,००० क्युसेक’ एवढीच नोंद एखाद्या पत्रकात असेल, तर तिचे किमान तीन अर्थ संभवतात. ५ ऑगस्टला सकाळी ८ वाजता त्या क्षणी प्रवाह ६,००० क्युसेक होता, हा पहिला. ४ ऑगस्टच्या सकाळी ८ पासून ५ ऑगस्टच्या सकाळी ८ पर्यंतची सरासरी ६,००० क्युसेक होती, हा दुसरा. ५ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतची सरासरी तेवढी होती, हा तिसरा.

प्रवाह स्थिर असेल, तर या तिन्ही अर्थांत फारसा फरक पडत नाही. परंतु पावसाळ्यात आणि धरणाचे दरवाजे उघडझाप होत असताना नदी स्थिर नसते. उदाहरणादाखल असे समजू की, सकाळी ८ वाजता प्रवाह ३,००० क्युसेक होता, दिवसभरात तो वाढला आणि २४ तासांची सरासरी ६,५०० क्युसेक आली. एका साठ्यात ३,००० हा आकडा असेल आणि दुसऱ्यात ६,५००. दोन्ही नोंदी आपापल्या परीने खऱ्या असतील. त्यांतील फरक ३,५०० क्युसेकचा, म्हणजे एका दिवसाला सुमारे ०.३० टीएमसीचा होतो. एक टीएमसी म्हणजे दिवसभर सातत्याने वाहणारे ११,५७४ क्युसेक, हे प्रमाण ध्यानात घेतले की हा हिशेब स्पष्ट होतो. जून महिन्याचा ९.१९ टीएमसी हा संपूर्ण वाटा तीस दिवसांत समान वाटला, तर तो सरासरी सुमारे ३,५४५ क्युसेक येतो. याचा अर्थ, क्षणाचा आकडा दिवसाचा म्हणून वाचला गेला, तर त्यातून होणारी चूक जूनमधील संपूर्ण दैनंदिन हक्काएवढी असू शकते.

जलाशयात येणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे आवकेच्या, बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. आवक सहसा थेट मोजली जात नाही. साठ्यातील बदल, सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन यांच्या हिशेबावरून ती काढली जाते. पाण्याचा पसारा १०० चौरस किलोमीटर असलेल्या जलाशयात पातळी १ सेंटीमीटरने वाढली, तर साठा १० लाख घनमीटरने वाढतो. २४ तासांच्या हिशेबाने ही सुमारे ४०९ क्युसेकची आवक ठरते. पातळीची नोंद एका दिवशी सकाळी ६ वाजता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता घेतली गेली आणि संगणकाने दोन्हींना केवळ तारीख दिली, तर २६ तासांचे पाणी २४ तासांच्या नावे जमा होते.

सकाळचे आठ आणि साडेआठ

भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आदल्या दिवशीच्या ८.३० पासून त्या दिवशीच्या ८.३० पर्यंत पडलेला पाऊस त्या तारखेच्या नावे नोंदवला जातो. साडेआठ ही वेळ निवडण्यामागे कारण आहे. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असल्याने जगभरच्या हवामान निरीक्षणांची ३ वाजताची वेळ येथे साडेआठ वाजता येते. नदी आणि जलाशयांच्या पातळ्यांसाठी मात्र सकाळी ८ ही वेळ रूढ आहे. त्यामुळे ८ वाजून १५ मिनिटांनी कोसळलेली सर पावसाच्या नोंदीत आजच्या तारखेस आणि साठ्याच्या नोंदीत उद्याच्या तारखेस जमा होते. अर्ध्या तासाचा हा फरक एरवी किरकोळ वाटेल, परंतु पावसाची आणि पुराची सांगड घालणाऱ्या संगणकीय प्रारूपाला तो एका पूर्ण दिवसाएवढा भासू शकतो.

उपग्रहांच्या माहितीची भर पडल्यावर अंतर आणखी वाढते. अमेरिका आणि जपान यांच्या नेतृत्वाखालील जागतिक पर्जन्यमापन मोहिमेची दैनंदिन माहिती जागतिक समन्वित वेळेच्या मध्यरात्रीपासून मोजली जाते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. या माहितीत ५ ऑगस्टचा पाऊस म्हणजे ५ तारखेच्या पहाटे ५.३० पासून ६ तारखेच्या पहाटे ५.३० पर्यंतचा पाऊस. हवामान विभागाच्या पर्जन्यमापकात ५ ऑगस्टचा पाऊस म्हणजे ४ तारखेच्या सकाळी ८.३० पासून ५ तारखेच्या सकाळी ८.३० पर्यंतचा. दोन्हींवर तारीख एकच आहे, पण त्यांच्यातील सामाईक काळ अवघा तीन तासांचा आहे. ही बाब ध्यानात न घेता दोन साठे तारखेवरून जोडले, तर उपग्रह चुकला किंवा पर्जन्यमापक बिघडला असा निष्कर्ष काढला जाण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात दोघांनी वेगवेगळे दिवस मोजलेले असतात.

शेतीसंशोधनाशी निगडित नोंदींत आणखी एक घड्याळ येते. कृषी-हवामान वेधशाळांतील निरीक्षणे परंपरेने स्थानिक मध्यमान वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता घेतली जातात. ही वेळ त्या गावाच्या रेखांशावरून ठरते. त्यानुसार आडुतुरैचे सकाळचे ७ म्हणजे प्रमाणवेळेचे सुमारे ७ वाजून १२ मिनिटे, तर कोल्हापूरचे ७ म्हणजे सुमारे ७ वाजून ३३ मिनिटे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या मद्रास इलाख्यातील आणि मुंबई इलाख्यातील नोंदी एकत्र करावयाच्या असतील, तर मद्रास वेळ आणि मुंबई वेळ यांचाही विचार करावा लागतो. या दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर होते.

संगणकामुळे या अडचणी आपोआप दूर होत नाहीत, उलट काही नव्याने निर्माण होतात. ५ ऑगस्टच्या मध्यरात्री ००.०० अशी भारतीय वेळ दिलेली नोंद जागतिक समन्वित वेळेत बदलली, की ती ४ ऑगस्टच्या १८.३० ची होते. दुसऱ्या साठ्याने तिच्यातील केवळ तारीख उचलली, तर संपूर्ण मालिका एक दिवस मागे सरकते. अशी चूक पटकन ध्यानात येत नाही, कारण आकडे सगळे बरोबर असतात.

वर्ष कोणते?

दिवसाप्रमाणेच वर्षाच्या व्याख्येतही एकवाक्यता नाही. कावेरीच्या हिशेबाचे जलवर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपते. तामिळनाडूच्या महसुली नोंदींतील फसली वर्ष १ जुलैला सुरू होते. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टपासून मोजले जाते. अंदाजपत्रक आणि अनुदाने १ एप्रिलच्या आर्थिक वर्षाप्रमाणे चालतात, तर हवामानाची अनेक सारणी जानेवारी ते डिसेंबर अशी असतात.

आडुतुरैच्या परिसरात जूनच्या मध्यास पेरलेले कुरुवै पीक जलवर्षाच्या पहिल्याच महिन्यात येते. तारखेने पाहता मात्र ती पेरणी सरत्या फसली वर्षातील ठरते आणि कापणी पुढील फसली वर्षात होते. ‘२०२३-२४’ असा एकच शिक्का असलेले दोन तक्ते म्हणूनच एकाच काळाविषयी बोलत असतील, याची खात्री देता येत नाही. पाण्याचा आकडा एका वर्षातून आणि उत्पादनाचा दुसऱ्या वर्षातून घेतला गेला, तर कमी पाण्यातही उत्पादन वाढले किंवा भरपूर पाणी असूनही घटले, असा आभास निर्माण होऊ शकतो. न्यायालयीन वादात असे तक्ते हत्यारासारखे वापरले जातात.

निरंक आणि नोंद नाही

शासकीय पत्रव्यवहारात ‘निरंक’ हा शब्द सर्वपरिचित आहे. मोजणी झाली आणि उत्तर शून्य आले, असा त्याचा अर्थ. मोजणीच झाली नाही, ही वेगळी गोष्ट आहे. कागदावर काम करणारा कर्मचारी हा भेद पाळतो. पाऊस पडला नाही तर तो शून्य लिहितो आणि निरीक्षक गैरहजर असेल तर जागा मोकळी सोडतो. मात्र दोन माहितीसाठ्यांची रचना वेगळी असेल, तर मोकळी जागा पलीकडे गेल्यावर शून्य होण्याचा धोका असतो. पुरात पर्जन्यमापक वाहून गेला आणि त्या दिवसांच्या रिकाम्या जागी शून्य नोंदले गेले, तर सर्वाधिक पावसाचे दिवस नोंदींत कोरडे ठरतात. दीर्घकालीन सरासरीवर त्याचा परिणाम होतो आणि पुढे याच सरासरीच्या आधारे तुटीचे वर्ष कोणते, हे ठरवले जाते.

२०२३ च्या टंचाईत या सरासरीचे महत्त्व दिसून आले. त्या वर्षी नैऋत्य मोसमी पाऊस कावेरीच्या पाणलोट क्षेत्रात अपुरा झाला. ऑगस्टच्या अखेरीस प्राधिकरणाने कर्नाटकाला १५ दिवस दररोज ५,००० क्युसेक पाणी सोडण्यास सांगितले. हे पाणी सुमारे ६.४८ टीएमसी होते. हा आदेश पुढेही चालू ठेवण्यात आला आणि २१ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. महिनाअखेरीस बंगळुरू बंद आणि कर्नाटक बंद पाळण्यात आले. दुसरीकडे त्रिभुज प्रदेशात कुरुवैचे पीक पाण्याअभावी वाळत असल्याच्या तक्रारी होत होत्या. टंचाईचे प्रमाण ठरवताना नियमन समितीने जलाशयांतील आवकेची तुलना तीस वर्षांच्या सरासरीशी केली होती. अशी तुलना तेव्हाच निर्विवाद ठरते, जेव्हा तीसही वर्षांतील आवक एकाच व्याख्येने मोजलेली असते आणि रिकाम्या जागांचे काय केले, हे सर्व पक्षांना ठाऊक असते.

दुरुस्त झालेला आकडा

नदीच्या प्रवाहाचा आकडा पहिल्या दिवशी तात्पुरता असतो. पातळी मोजली जाते आणि पातळी व प्रवाह यांच्या पूर्वनिश्चित संबंधावरून प्रवाह काढला जातो. पुरानंतर नदीचे पात्र बदलले, तर हा संबंध बदलतो आणि मागील अनेक दिवसांचे आकडे सुधारावे लागतात. ही सुधारणा योग्यच असते. प्रश्न असा की, पहिल्या आकड्याच्या आधारे घेतलेल्या निर्णयाचे काय?

समजा, एका साठ्याने १ सप्टेंबरचा आकडा घेतला आणि मूळ कार्यालयाने तो २० सप्टेंबरला दुरुस्त केला. नवा आकडा पोहोचला नाही, तर दोन साठ्यांत दोन आकडे राहतात. पोहोचला आणि जुना पुसून टाकला गेला, तर १ सप्टेंबरला समितीसमोर नेमके काय होते, याचा पुरावा नाहीसा होतो. दोन्ही प्रकारांत संशयाला जागा मिळते. म्हणून प्रत्येक नोंदीला दोन वेळा असाव्यात, असे डेटाबेसचे शास्त्र सांगते. पहिली वेळ घटनेची, म्हणजे पाणी केव्हा वाहिले त्याची. दुसरी वेळ नोंदीची, म्हणजे हा आकडा साठ्यात केव्हा आला त्याची. दुरुस्ती झाली की जुनी नोंद न पुसता तिच्यापुढे नवी जोडावयाची. व्यापारी रोजमेळात खोडाखोड न करता दुरुस्तीची वेगळी नोंद करतात, तसाच हा प्रकार आहे. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय मानकात या दोन्ही वेळा सांभाळण्याची तरतूद समाविष्ट झाली. त्यामुळे तंत्रज्ञान उपलब्ध नाही, असे म्हणता येणार नाही.

कृष्णेकाठचा अनुभव

कावेरीत प्रश्न टंचाईचा आहे, तर कृष्णेच्या खोऱ्यात तो पुराच्या रूपाने समोर येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत हाहाकार उडाला आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर आला, असा आरोप झाला. महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्यात अलमट्टीच्या फुगवट्याला या पुराचे कारण मानण्यात आले नाही. तरीही हा विषय संपला नाही. अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावामुळे तो वेळोवेळी डोके वर काढतो. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बंगळुरू येथे बैठक झाली. पूरकाळात धरणांच्या माहितीची तत्काळ देवाणघेवाण हा तिच्यातील प्रमुख विषय होता.

येथे एककांचा गुंता वेळेच्या प्रश्नात भर घालतो. आयर्विन पुलाची पातळी फुटांत आणि तेथील स्थानिक शून्यापासून मोजली जाते, तर अलमट्टीची मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून. महाराष्ट्रात साठा दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि टीएमसी या दोन्हींत सांगितला जातो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत महाराष्ट्राने उपग्रह आणि दूरसंचाराद्वारे प्रत्यक्ष वेळेत माहिती देणारी यंत्रणा उभारली आहे. मात्र तासातासाला येणारी स्वयंचलित माहिती आणि दिवसातून एकदा हाताने घेतलेली नोंद एकाच तक्त्यात मिसळली, तर पूर केव्हा चढला आणि दरवाजे केव्हा उघडले, यांचा क्रमच उलट दिसू शकतो. पुराच्या चौकशीत तर हा क्रमच निर्णायक असतो.

कावेरी आणि कृष्णा यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुरात तपासणीसाठी थांबणे परवडत नाही. कच्चा आकडाही तासाभरात पोहोचला पाहिजे. पाणीवाटपाच्या हिशेबात मात्र घाईपेक्षा तपासलेला आणि सर्वमान्य आकडा आवश्यक असतो. एकच माहितीसाठा दोन्ही कामे करू शकतो. मात्र त्यासाठी प्रत्येक आकड्यावर तो कच्चा आहे की तपासलेला, हे नोंदवलेले असले पाहिजे.

मानके तयार आहेत

इतर देशांनाही हा प्रश्न भेडसावला आहे. ऑस्ट्रेलियात प्रदीर्घ दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर २००७ मध्ये जल कायदा करण्यात आला आणि पाण्याची माहिती तेथील हवामान खात्याला देणे संबंधित संस्थांना बंधनकारक झाले. दोनशेहून अधिक संस्थांची माहिती एकत्र करताना प्रत्येकाची नोंदपद्धती वेगळी असल्याचे आढळले, तेव्हा माहिती पाठवण्याचा समान आराखडा ठरवावा लागला. या आणि अमेरिकेतील अनुभवांतून ‘वॉटर एमएल २.०’ हे मानक तयार झाले. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये ते स्वीकारले. आकडा क्षणाचा आहे की मागील कालावधीची सरासरी, मागील कालावधीची बेरीज आहे की पुढील कालावधीची सरासरी, हे प्रत्येक मालिकेसोबत सांगण्याची सोय त्यात आहे. आकडा चांगला, संशयास्पद, अंदाजित की अनुपलब्ध, हेही त्यात नमूद करता येते.

भारतातही प्रयत्न झाले आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ मध्ये जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, दुसरा २००६ मध्ये आणि त्यानंतर २०१६ मध्ये सुमारे ३,६८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पास मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये राष्ट्रीय जल माहिती केंद्र स्थापन झाले. या प्रकल्पांमुळे उपकरणे वाढली, संगणकप्रणाली आल्या आणि पूर्वी कपाटात पडून असलेली माहिती संकेतस्थळांवर दिसू लागली. तथापि, जनतेसमोर येणाऱ्या दैनिक पत्रकांत सामान्यतः तारीख आणि आकडा एवढेच असते. कालावधी, वेळ, दर्जा आणि दुरुस्तीचा इतिहास यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

उपाय खर्चिक नाही

नवी धरणे किंवा नवे लवाद यांच्या तुलनेत हा उपाय अत्यंत स्वस्त आहे. कावेरी खोऱ्यातील राज्ये आणि केंद्रीय संस्था यांनी एका लहानशा परिशिष्टावर सहमती दर्शवली, तर पुष्कळ काही साध्य होऊ शकते. प्रत्येक आकड्यासोबत त्याचा प्रारंभ आणि शेवट, वापरलेली वेळ, एकक आणि शून्यपातळी, कच्चा की तपासलेला हा दर्जा आणि नोंदीची तारीख एवढ्या गोष्टी गेल्या पाहिजेत. जुनी नोंद पुसली जाऊ नये. निरंक आणि नोंद नाही यांच्यासाठी वेगळी चिन्हे असावीत. राज्यांनी आपापली पद्धत सोडावी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. सकाळी ८ ची नोंद घेणाऱ्याने ती तशीच घ्यावी, मात्र ती ८ ची आहे हे सांगावे.

यावर असा आक्षेप घेतला जाऊ शकतो की, पाण्याचा वाद हा मूलतः हितसंबंधांचा वाद आहे आणि नोंदी सुधारल्याने पाणी वाढणार नाही. हा आक्षेप बराचसा खरा आहे. पाऊसच कमी झाला, तर कोणतेही मानक मेट्टूर भरू शकत नाही. परंतु टंचाईच्या वर्षी वाटपाचा निर्णय दोन्ही बाजूंना कटूच वाटणार असतो आणि तो पचवण्यासाठी निदान आकड्यांवर विश्वास असावा लागतो. नदीत किती पाणी आहे यावरच दुमत असेल, तर ते कसे वाटावे ही चर्चा सुरूच होऊ शकत नाही. वेळेची व्याख्या स्पष्ट झाली, तर उरलेली तफावत खरी आहे, हे तरी मान्य करावे लागेल.

आडुतुरैच्या आसपास भात पेरणाऱ्या शेतकऱ्याला या साठ्यांशी आणि मानकांशी कर्तव्य नाही. मेट्टूरचे पाणी कल्लणै ओलांडून आपल्या पाटात कोणत्या आठवड्यात येणार, अल्प मुदतीचा वाण पेरावा की थांबून सांबा हंगामाची तयारी करावी, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. बियाणे एकदा भिजवले की तो निर्णय मागे घेता येत नाही. त्याला मिळणारे उत्तर दूरच्या चार कार्यालयांतील आकडे एकमेकांशी जुळण्यावर अवलंबून आहे आणि ते आकडे कोणत्या वेळेचे आहेत हे सांगितल्याशिवाय ते जुळणार नाहीत.